गाडीआधी अंगण ठरवा

आपल्या मंडळातली काही कुटुंबं येत्या सुट्टीत भारतात जाऊन कॅम्परव्हॅन भाड्यानं घेणार आहेत आणि अलिबागपासून रेडीपर्यंत समुद्राकाठानं फिरणार आहेत. बेत ऐकून मला फार आनंद झाला. ऑकलंडमध्ये वाढलेली मुलं आजी-आजोबांबरोबर खाड्या ओलांडत कोकण बघणार, याहून चांगली सुट्टी मला सुचत नाही. पण दिवाळीच्या कार्यक्रमात जेवताना या बेताची चर्चा झाली तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरली होती. इथे साउथ आयलंडला जातो, तसंच तिथे जायचं. चूल गाडीत, अंथरूण गाडीत, संडास गाडीत. संध्याकाळ झाली की समुद्र दिसेल अशा जागी गाडी लावायची आणि कुणाच्या दारात जायचं नाही. कोकणात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गाडी रात्री कुणाच्या तरी अंगणात उभी राहिली पाहिजे. म्हणून आधी अंगण ठरवावं, मग रस्ता, आणि गाडी सगळ्यात शेवटी.

मी खोपोलीची. आमच्या गावाला समुद्र नाही, पण समुद्राची ये-जा आमच्याकडे कायम आहे. कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, तिथे किनाऱ्यावरची सुकी मासळी विकायला येते आणि घाटावरची माणसंसुद्धा वर्षाची बेगमी करून जातात. खोपोली हे पूर्वीपासून वाहन बदलायचं गाव आहे. 1856 मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे इथे येऊन थांबली, आणि 1863 मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा होईपर्यंत पुण्याला जाणारे लोक इथे उतरून पालखीनं नाहीतर तट्टावरून घाट चढत. तुम्हीही वाहन इथेच बदला. कॅम्परव्हॅन देणारे बहुतेक जण मुंबई-पुण्याचे असतात, आणि खोपोली दोघांच्याही वाटेवर आहे. रात्रभराचा विमानप्रवास करून, झोप मोडलेल्या अवस्थेत मुंबईच्या गर्दीत अनोळखी मोठी गाडी ताब्यात घेण्यात काही शहाणपण नाही. खोपोलीपर्यंत साध्या टॅक्सीनं या, एक दिवस झोप काढा, बाजारात चहा-नाश्त्याचं सामान, पाण्याचे कॅन भरा. महडच्या वरदविनायकाचं दर्शन वाटेतच होतं. मग पेणवरून अलिबागकडे उतरायचं की पालीवरून वाकणला जाऊन महामार्ग ओलांडत मुरूडकडे वळायचं, हे निवांत ठरवता येतं. मी पेणची वाट सुचवीन. पेण तीसेक किलोमीटरवर आहे आणि पुढे कार्लेखिंडीतून अलिबाग लगेच येतं.

आता मुख्य मुद्दा. न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक जागी गाडीत मुक्काम करण्याची मोकळीक 2011 च्या कायद्यानं बांधून दिली, आणि 2023 मध्ये ती आणखी आवळली. आता ‘स्वयंपूर्ण’ असा दाखला हवा असेल तर गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो. इतकी माळरानं, इतकी थोडी वस्ती आणि गावोगावी मैला ओतायची केंद्रं असलेल्या देशालाही हा कायदा करावा लागला, कारण लोक घाण करून जात होते. या नियमाची सवय झाल्यामुळे आपल्याला वाटतं, संडास असलेली गाडी म्हणजे जबाबदार प्रवासी. कोकण किनाऱ्यावर मात्र तीच गाडी सगळ्यात जास्त अडचणीची ठरते. टाकी भरली की ती रिकामी कुठे करणार? किनाऱ्यावरच्या गावांमध्ये त्यासाठी सोय नाही. घरोघरीच्या संडासाला शोषखड्डे आहेत, आणि टाकीतलं निळं औषध खड्ड्यात गेलं की मैला कुजवणारे जीवाणू मरतात. खड्ड्यापासून काही पावलांवर विहीर असते. दिवेआगर, मुरूड, गुहागर इथल्या वाड्या वाळूमिश्रित जमिनीवर उभ्या आहेत. वर ओतलेलं पाणी खाली झिरपायला वेळ लागत नाही. त्याच विहिरीचं पाणी त्या घरचे लोक पितात आणि तेच नारळ-सुपारीला जातं. म्हणून संडास असलेली गाडी घेऊ नका, आणि घेतलीच तर तो बंद ठेवा. ज्यांच्या अंगणात उतराल त्यांचं न्हाणीघर वापरा आणि त्याचे पैसे द्या. भांडी घासलेल्या पाण्याचंही तसंच. गाडीखाली बादली ठेवा आणि घरच्या माणसांना विचारून ती अळवाच्या किंवा केळीच्या आळ्यात रिकामी करा.

समुद्राला लागून मुक्काम नको, याचं दुसरं कारण वेळासमध्ये कळेल. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं 2002 पासून ग्रामस्थांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, घरचंच जेवतात. कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला रात्री पुळणीवर येतात, म्हणजे नेमक्या आपल्या सुट्टीच्या दिवसांत. माणसाची चाहूल लागली, दिवा दिसला की मादी अंडी न घालता परत फिरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात. त्यांना तो उजेड समुद्राचा वाटतो. पुळणीच्या कडेला उभ्या गाडीचे दिवे त्यांना उलट्या वाटेला लावतात. हे फक्त वेळासचं नाही, आंजर्ल्याला आणि गुहागरलाही घरटी असतात. सुरूच्या बनात गाडी लावून रात्री गाणी म्हणत बसण्याची कल्पना कितीही गोड असली, तरी ती सोडून द्या. शेजारच्या गोव्याला तर 2019 मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना आणि दारू पिणाऱ्यांना दंड लावावा लागला. आपल्या गावांवर ती वेळ यायला नको.

या सगळ्यापेक्षा मला जवळचं वाटणारं कारण वेगळं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी त्या भागाचं वर्षानुवर्षांचं रोख पीक. पोफळ लावली की उत्पन्न यायला सहा-सात वर्षं जातात, नारळालाही तितकीच. आजोबांनी लावलेल्या बागेवर घर चालत होतं ते एका दुपारी थांबलं, आणि टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते. अशा वेळी ज्या घरांना सावरता आलं, त्यांत घरगुती निवास आणि खानावळीचा वाटा मोठा आहे. मागच्या दारी वाडीत खोल्या, पुढच्या पडवीत पंगत, आणि ओल्या नारळाचे मोदक घरच्याच माणसांच्या हातचे. आपण डॉलर कमावणारी माणसं तिथे जाऊन सगळा शिधा खोपोलीहून भरून नेला आणि फुकटच्या जागी झोपलो, तर गावाच्या वाट्याला आपली धूळ आणि कचरा एवढंच येतं. म्हणून चहा-नाश्त्यापुरतं सामान गाडीत ठेवा आणि दोन्ही वेळचं जेवण गावात घ्या. सकाळी फोन करून किती पानं आहेत ते सांगावं लागतं, कारण तिथे मोजूनच रांधतात.

मग कॅम्परव्हॅन हवीच कशाला, सरळ खोली घ्यावी, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की या किनाऱ्यावर कितीतरी घरांना भाड्यानं देण्याजोगी खोली नाही, पण सारवलेलं अंगण आहे, विहीर आहे, न्हाणीघर आहे आणि रांधणारे हात आहेत. खोल्या बांधायला भांडवल लागतं आणि ते नसलेल्या घरापर्यंत पर्यटनाचा पैसा पोचत नाही. तुमची गाडी आपलं अंथरूण घेऊन येते, त्यामुळे अशा घरालाही पाहुणा ठेवता येतो. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कृषी पर्यटनाचं धोरण त्याच्या आदल्या वर्षी. दोन्हींचा मेळ घालायचा तर गाड्यांसाठी वेगळं काँक्रीटचं आवार बांधत बसण्यापेक्षा शेतकऱ्याच्या अंगणाला मान्यता द्यावी, असं मला वाटतं. शिवाय तुमचीही सोय पाहा. आजोबांचं इन्सुलिन गाडीतल्या फ्रिजमध्ये राहतं, आजीला दुपारी पाठ टेकता येते, मुलांच्या बॅगा रोज भरायला लागत नाहीत.

गाडी मात्र लहान घ्या. भारतात अशा गाड्या बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधतात, आणि त्यातल्या लांब गाड्या कोकणातल्या आळीत शिरत नाहीत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा. केळशी, आंजर्लं, दिवेआगर इथे समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जावंच लागतं. छतावर सायकली किंवा पेट्या बांधून उंची वाढवू नका. गाडीची लांबी-उंची आधी विचारून ती अंगणवाल्यांना कळवा. आपल्या फाटकातून काय जातं, हे तेच सांगू शकतात.

आता खाड्यांविषयी. रेवस ते रेडी असा सागरी मार्ग व्हावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्री असताना 1980 च्या सुमारास पुढे आणली. रस्ता तुकड्यातुकड्यानं झाला, पण मोठ्या खाड्यांवरचे पूल रखडले. त्यातल्या काही खाड्यांवर आता पूल होऊ घातले आहेत. तोवर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड इथे फेरीबोट आहे. गाडीसकट बोटीवर चढायचं आणि थोड्या वेळात पलीकडच्या तालुक्यात उतरायचं. दाभोळची फेरी 2003 मध्ये सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या किनाऱ्यावर गाडी न्यायला खेड-चिपळूणवरून शंभरापुढच्या किलोमीटरचा वळसा होता. मुलांना कोकणचा भूगोल शिकवायचा तर या बोटींसारखं साधन नाही. मासळीची टोपली, मोटारसायकल, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड आणि तुमची गाडी एकाच फळीवर. बेत आखताना शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि सोबत भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवा. ऐन ओहोटीला धक्क्यावरून बोटीत उतरताना चढ-उतार तीव्र होतो आणि लांब गाडीची शेपटी घासू शकते. बोटीवरची माणसं सांगतील तेव्हाच गाडी हलवा. एका दिवसात एकच खाडी, हा नियम मी सगळ्यांना सांगते. नकाशात ऐंशी किलोमीटर दिसतात आणि त्यात सहज अर्धा दिवस जातो.

गाडी स्वतः चालवायची की चालक घ्यायचा? दोन्ही देशांत डाव्या बाजूनं चालवतात म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. कायद्यानं चालवता येतं. न्यूझीलंडच्या परवान्याबरोबर 1949 च्या करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. गाडीची पाटी बघा. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, चालकासह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. भाड्यानं देण्याची तिला परवानगी नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तरी माझा सल्ला चालक घेण्याचाच आहे, आणि तो शक्यतो रायगड-रत्नागिरीचा असावा. घाटातली वळणं, एसटीचा भोंगा, बैलगाडी, कुठल्या गावात कुणाचं अंगण मोठं, हे त्याला ठाऊक असतं. त्याला मात्र सीटवर झोपायला लावू नका. त्याच्या खोलीचे आणि ताटाचे पैसे पहिल्या दिवशीच हिशेबात धरा, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायला सांगू नका.

तारखांबद्दल थोडक्यात. नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात मुंबई-पुण्याची सगळी गर्दी किनाऱ्यावर असते, आणि 26 जानेवारी शनिवार-रविवारला जोडून आली तर तेव्हाही. आपल्या शाळा जानेवारीअखेरपर्यंत बंद असतात, तेव्हा 4-5 जानेवारीनंतर निघा. माघी गणेशोत्सव कधी आहे तेही बघा, कारण त्या दिवशी महड, पाली आणि गणपतीपुळे या तिन्ही ठिकाणी रस्ते भरलेले असतात. सगळा किनारा एका सुट्टीत संपवायचा हट्ट धरू नका. अलिबाग ते गुहागर एवढंच केलंत तरी चार नाही तर तीन फेरीबोटी आणि पुष्कळ समुद्र वाट्याला येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पुढच्या खेपेला.

ज्यांचा बेत पक्का आहे त्यांना माझी विनंती आहे. गाडीची अनामत भरण्याआधी प्रत्येक मुक्कामाच्या गावातल्या एका घरी फोन लावा. आपण किती जण, गाडी केवढी, न्हाणीघर वापरू का, जेवण मिळेल का, अंगणाचे किती घ्याल, हे सरळ विचारा आणि सांगतील त्या रकमेवर घासाघीस करू नका. खोपोली, पेण आणि अलिबागकडे माझे नातेवाईक आहेत, पुढच्या गावांतल्या ओळखी मंडळातल्या दापोली-गुहागरच्या मंडळींकडे नक्की असतील. आपल्या माहितीतल्या घरांची, त्यांना विचारून, एक यादी मंडळानं पुढच्या अंकाआधी तयार करावी. माझ्याकडची नावं मी कार्यकारिणीकडे देते.