हाक पोचायला हवी ना!
परग्रहावरचं कुणी अजून आपल्याकडे का फिरकलं नाही, हा प्रश्न मला फार घाईचा वाटतो. १६ नोव्हेंबर १९७४ला प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून शौरी तारकासमूहातल्या एम-१३ या तारकागुच्छाकडे आपण संदेश धाडला. तीन मिनिटांचाही नव्हता तो. १६७९ शून्य-एकांत एक ते दहा आकडे, डीएनएची रचना, ठोकळ्यांचा माणूस, आणि सूर्यमालेच्या ओळीत त्या माणसाच्या बाजूला किंचित सरकवलेली पृथ्वी. किती मन लावून आखलं होतं ते! पण एम-१३ सुमारे २५,००० प्रकाशवर्षं दूर. उत्तर आलंच, तर पन्नासेक हजार वर्षांनी. शिवाय आपल्या रेडिओलहरी आत्ताशी शंभरेक प्रकाशवर्षं गेल्यात, आकाशगंगेचा व्यास लाखभर. एवढ्यावर ‘विश्वात कुणीच नाही’ असा निकाल देणं मला मुळीच पटत नाही.