विश्लेषण : एसटी, वीज, गोदामे… नोकऱ्या आहेत, पण कोणाच्या पटावर?

पेणजवळच्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. अलिबाग, रोहा, महाड, श्रीवर्धनच्या आगारांचा कारभार इथूनच चालतो. अवजड वाहनाचा परवाना आणि बॅज हाती असलेल्या कोकणातल्या तरुणासाठी एसटीचा चालक म्हणजे कायमची नोकरी, हे समीकरण अनेक वर्षे पक्के होते. ते आता राहिलेले नाही.

एसटीत नेमके काय बदलले?

एकेकाळी महामंडळात एक लाखाहून अधिक कर्मचारी होते. २०२१-२२ च्या विलीनीकरणाच्या संपावेळी ते सुमारे ९२ हजार होते, आता ९० हजारांच्या आत आले आहेत. दुसरीकडे प्रवासी वाढले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. माणसे मात्र त्या प्रमाणात भरली गेली नाहीत. जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेने संचित तोटा १० हजार ३२२ कोटी रुपये दाखवला. त्याआधी जानेवारीत १४.९५ टक्के भाडेवाढ झाली होती.

मग भरतीच होणार नाही का?

होणार, पण वेगळ्या वाटेने. १७ हजार ४५० चालक व सहायक तीन वर्षांच्या कंत्राटावर घेण्याची घोषणा परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केली. किमान वेतन सुमारे ३० हजार रुपये सांगितले गेले. रक्कम वाईट नाही. अनेक खासगी ट्रकचालकांना ती मिळत नाही. पण मनुष्यबळ निविदेतून येणार, म्हणजे चालक कंत्राटदाराचा माणूस. भाडेतत्त्वावरच्या ५,१५० विद्युत बसच्या करारातही हीच रचना आहे : बस आणि चालक कंपनीचे, वाहक एसटीचा. एकाच गाडीत दोन मालकांचे दोन नोकर! (या बसचा पुरवठाही रखडत राहिला, तो वेगळाच विषय.)

विजेचे चित्र वेगळे आहे का?

थोडेसे. महावितरणने २०२३ च्या अखेरीस ५,३४७ विद्युत सहायकांची जाहिरात काढली. पहिली तीन वर्षे दरमहा १५, १६ आणि १७ हजार रुपये मानधन, त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित नेमणूक. इथे कंत्राटाच्या पलीकडे दार तरी आहे. मात्र खांबावर चढणाऱ्यांत बाह्यस्रोत कामगारही मोठ्या संख्येने आहेत. ४ जानेवारी २०२३ चा वीज कर्मचाऱ्यांचा संप समांतर परवान्याविरोधात होता. अदानी समूहाने परवाना मागितलेल्या टापूत पनवेल, उरण, तळोजा, म्हणजे रायगडचाच भाग होता.

आकडेवारी काय सांगते?

देशात व्यापार, हॉटेल व उपाहारगृहांत सुमारे १२ टक्के कामकरी आहेत, वाहतूक-साठवण-दळणवळणात साडेपाच टक्क्यांच्या आसपास, तर वीज-पाणीपुरवठ्यात एक टक्क्याहूनही कमी. एसटीतला कायम चालक कंत्राटी झाला, तरी पाहणीत तो ‘वाहतूक’ क्षेत्रातलाच मोजला जातो. त्यामुळे रोजगाराचा आकडा घटत नाही. फरक दिसतो तो दुसऱ्या रकान्यात : बिगरशेती क्षेत्रातल्या नियमित पगारदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे लेखी करारच नाही. राज्याचे आकडे वाचताना हा रकाना आधी पाहायला हवा. बहुतेक बातम्या तो गाळतात.

रायगडच्या तरुणाने काय पाहावे?

न्हावा-शेवा बंदर, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि नवी मुंबई विमानतळ यांमुळे पनवेल-उरणकडे गोदामे व मालवाहतुकीची कामे आहेत. तीही बहुतांशी ठेकेदारामार्फत. म्हणून नेमणूकपत्रावर मालक कोण आहे हे आधी वाचावे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घ्यावा, पगार बँकेत येतो का ते पाहावे. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य आस्थापनेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेतही ती कायम आहे. दावा करायचा तर हजेरी आणि पगाराची कागदपत्रे मात्र जवळ हवीत.