आवृत्ती कोणती?

गेल्या वर्षी प्रबंधाचे एक प्रकरण विभागाकडे देण्याच्या दोन दिवस आधी माझी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. तिचा आलेख निघेनासा झाला होता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतील काही उतारे आणि १९७० नंतरच्या काही कादंबऱ्यांतील उतारे संगणकात घालून दोन्हींतील शब्दांची सरासरी लांबी तिने मोजली होती. दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या होत्या. त्यावरून, शब्दरचनेच्या पातळीवर मराठी कथात्म गद्य फारसे बदलले नाही, असा निष्कर्ष तिने काढला होता आणि मार्गदर्शक या नात्याने मी तो मान्यही केला होता. मध्यंतरी दुसऱ्या एका कामासाठी तिने पायथन ही संगणकीय भाषा ३.१० वरून ३.१२ या आवृत्तीवर नेली. तेव्हापासून आलेखाच्या जागी इंग्रजीतील दहा-बारा ओळी येऊ लागल्या. तिचा प्रश्न साधा होता : "सर, जुन्या आलेखाचं चित्र माझ्याकडे आहे. तेच चिकटवलं तर चालेल ना?"

चालले असते. कोणी विचारलेही नसते. पण त्या दोन दिवसांत जे घडले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाचा त्रुटिसंदेश एखाद्या संहितेसारखा स्वतः वाचावा. दुसऱ्याकडून तो केवळ 'घालवून' घेऊ नये.

या संदेशांची रचना जाणून घेण्यासारखी आहे. पायथन आपली तक्रार सांगताना कोणत्या धारिकेतील कोणत्या ओळीवरून कोठे गेलो, याचा प्रवास वरून खाली मांडत जाते आणि खरे कारण अगदी शेवटच्या ओळीत देते. बहुतेक विद्यार्थी पहिली ओळ पाहूनच बिचकतात. आमच्यापुढच्या संदेशाची शेवटची ओळ 'मॅटप्लॉटलिब नावाचे मॉड्यूल नाही' एवढेच सांगत होती. मॅटप्लॉटलिब ही आलेख काढण्याची लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आज्ञावल्यांचा संग्रह. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेत पडद्यावर पाहता यावेत म्हणून जॉन हंटर या संशोधकाने ती रचायला घेतली आणि २००३ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर ती होती, मात्र जुन्या पायथनच्या घरात. पायथनची ३.१० आणि ३.१२ ही बिऱ्हाडे वेगळी. एकाचे सामान दुसऱ्यात आपोआप जात नाही. लायब्ररी नव्या घरात पुन्हा बसवताच पहिली अडचण संपली.

दुसरी अडचण अधिक बोलकी होती. आता शेवटची ओळ म्हणू लागली, 'डिस्टयुटिल्स नावाचे मॉड्यूल नाही'. हे नाव आमच्यापैकी कोणी लिहिले नव्हते. विद्यार्थिनीने कोणाकडून तरी मिळवलेल्या एका मदतनीस धारिकेत ते होते. मॅटप्लॉटलिबची आवृत्ती पुरेशी नवी आहे की नाही, एवढे तपासण्यापुरताच तेथे त्याचा उपयोग केलेला होता. डिस्टयुटिल्स हा पायथनचा फार जुना भाग. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीत तो कालबाह्य ठरवला गेला आणि ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये काढून टाकला गेला. म्हणजे दोन वर्षांची पूर्वसूचना होती. ती तिच्यापर्यंत का पोहोचली नाही? अशा सूचना पायथन सहसा फक्त मुख्य धारिकेपुरत्या दाखवते. बाहेरून आणलेल्या धारिकेत त्या उद्भवल्या तर गप्प राहते. सूचना दिली जात होती, पण ज्याने ती ऐकायला हवी त्याच्या कानावर पडत नव्हती.

येथे दोन वाटा होत्या. 'सेटअपटूल्स' नावाचा संच बसवला की त्याच्यासोबत डिस्टयुटिल्सची एक प्रत येते आणि त्रुटी नाहीशी होते. सर्वत्र हाच उपाय आधी सुचवला जातो. दुसरी वाट म्हणजे ती ओळ शोधून आवृत्ती तपासण्याचे काम 'पॅकेजिंग' या संचाकडे देणे. मॅटप्लॉटलिबला त्याची गरज असल्याने तो आधीच बसलेला असतो. पहिल्या वाटेला एक मिनिट पुरते, पण कोणती ओळ का अडली हे कळत नाही. दुसऱ्या वाटेने जायचे तर ती परकी धारिका उघडून वाचावी लागते. आम्ही ती वाचली. ओळ बदलली, आलेख निघाला आणि जुन्या चित्राशी ताडून पाहिला तर तंतोतंत जुळला.

काम झाले होते. पण वाचता वाचता बदललेल्या ओळीच्या खालीच आणखी एक ओळ दिसली होती. 'शब्द' म्हणजे काय, हे संगणकाला सांगणारी ती ओळ. त्यासाठी तेथे 'बॅकस्लॅश डब्ल्यू' ही खूण वापरली होती. पायथनच्या अंगभूत शोधयंत्रणेत या खुणेला अक्षरे, अंक आणि अधोरेखा चालतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही चिन्हे मात्र तिच्या लेखी शब्दाबाहेरची. इंग्रजी मजकुरात याने काही बिघडत नाही. मराठीत काय होते ते पाहण्यासाठी आम्ही पहिले वीस 'शब्द' छापून घेतले आणि दोघेही गप्प झालो. 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे झाले होते. 'विद्यार्थिनी'ची तर सहा सुटी व्यंजने उरली होती. आम्ही शब्दांची नव्हे, चिंधड्यांची सरासरी काढली होती, आणि दोन्ही काळांच्या चिंधड्या सारख्याच लांबीच्या निघाव्यात यात नवल ते काय? आलेखाच्या उभ्या अक्षावरील आकडा दोनच्याही खाली होता. मराठी शब्द सरासरी दोन अक्षरांहून लहान असतो काय, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडला असता. तो तिला पडला नाही. मलाही पडला नाही, कारण चित्र देखणे होते.

ती ओळ दुरुस्त केली. दंड आणि अंक वगळून देवनागरीची सर्व चिन्हे शब्दाचा भाग मानली. आता निकाल उलटला : आपट्यांच्या उताऱ्यांतील शब्द लक्षणीय लांब निघाले. नवा निष्कर्ष हाती येऊ पाहत होता. एकोणिसाव्या शतकातील संस्कृतप्रचुर शब्दकळा, तिचे पल्लेदारपण वगैरे सारे लिहायला तयारच होते. पण एकदा हात पोळल्यामुळे आम्ही याही वेळी शब्दांची यादी छापली. यादीत 'घरांत', 'नाहीं', 'जेव्हां', 'कांहीं' असे शब्द रांगेने उभे होते.

अनुच्चारित अनुस्वार लिहिण्याची रीत १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी मोडीत काढली, हे मराठीच्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. त्याच्या हिशेबी अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह असल्याने 'काही' चार घरे अडवतो आणि 'कांहीं' सहा. उच्चार एक, अर्थ एक, लांबी मात्र दीडपट. आम्हांला सापडलेल्या 'पल्लेदारपणा'चा एक मोठा वाटा केवळ या टिंबांचा होता. गंमत अशी की, आधीच्या चुकीने हा भेद झाकून टाकला होता. 'घरांत' काय आणि 'घरात' काय, दोघांचेही 'घर' आणि 'त' असेच तुकडे होत होते. एक दोष दूर झाला म्हणून दुसरा दिसला.

'लांबी' ही गोष्टसुद्धा वाटते तितकी सरळ नाही. पायथनच्या दुसऱ्या पिढीत 'मराठी' हा शब्द साध्या अवतरणात, आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीने लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर १५ येई. कारण ती साठवणुकीचे बाइट मोजत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत तेच उत्तर ५ येते. ती चिन्हे मोजते. मराठी वाचक म्हणेल ३. या तिन्ही उत्तरांपैकी एकाही वेळी त्रुटिसंदेश येत नाही. दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे संपला, पण तिच्यावर मोजलेले आकडे जेथे छापले गेले तेथे ते आहेतच, आणि ते १५ च्या जातीचे की ५ च्या, हे आवृत्ती नोंदवलेली नसेल तर कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून मला वाटते, अडवणाऱ्या त्रुटीचे आपण आभारच मानले पाहिजेत. ती आपल्याला थांबवते, ओळीचा क्रमांक दाखवते आणि वाचायला लावते. खरे भय न बोलणाऱ्या चुकीचे असते. 'डिस्टयुटिल्स' गेले नसते, तर ती धारिका आम्ही कधीही उघडली नसती आणि चिंधड्यांवर उभा राहिलेला निष्कर्ष प्रबंधात बांधला गेला असता.

हे काम संगणकशास्त्राच्या माणसाकडे सोपवावे, असे आमचे काही सहकारी म्हणतात. त्याने पहिल्या दोन अडचणी आमच्यापेक्षा लवकर सोडवल्या असत्या यात शंका नाही. पण यादीतील 'कांहीं' पाहून तो थबकला असता का? तेथे थबकायला मराठी लेखनाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. उलट, यंत्राला शिवूच नये असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे असे की, पाठचिकित्सेत आपण नेमके हेच करत आलो आहोत. हस्तलिखित कोणत्या परंपरेतले, लेखनिकाने काय गाळले, हा पाठ मूळचा की मागाहून शिरलेला, हे प्रश्न विचारल्याशिवाय आपण संतकवींची एक ओवीही उद्धृत करत नाही. मग आलेख तेवढा स्वयंभू कसा? मराठीत ग्रंथाच्या आणि आज्ञावलीच्या अशा दोन्ही प्रतींना 'आवृत्ती' हा एकच शब्द आहे. निदान त्या शब्दाला तरी आपण जागावे.

माझी मागणी माफक आहे. साहित्याच्या प्रबंधात आलेख असेल तर त्याखाली भाषेची आणि लायब्ररीची आवृत्ती लिहावी. आज्ञावली परिशिष्टात द्यावी. 'शब्द' कशाला म्हटले आणि जुने लेखन नव्याशी कसे जुळवले, हे एका परिच्छेदात सांगावे. परीक्षकाने ते नसेल तर मागावे. प्रत्येक कामासाठी पायथनचे वेगळे बिऱ्हाड थाटता येते आणि त्यातील सामानाची यादी एका आज्ञेने काढता येते. त्यामुळे कष्टांची सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

जुने चित्र आम्ही चिकटवले नाही. विभागाने आठ दिवसांची मुदत वाढवून दिली. अनुच्चारित अनुस्वार काढून दोन्ही गटांचे उतारे पुन्हा मोजले, तेव्हा फरक बराच आक्रसला, पण पुरता गेला नाही. जो उरला त्याची कारणे ती आता कादंबऱ्या वाचून शोधते आहे. प्रकरणातील मूळ निष्कर्ष गेला, आणि त्या जागी तो का गेला याची दोन पाने आली. संपूर्ण प्रबंधात मला तीच दोन पाने सर्वांत विश्वासार्ह वाटतात.