लॅपटॉपचा नवा सालदार

बालमित्रांनो, शिरपूरहून आठवीतल्या एका मित्राने विचारलंय, "घरात नवा लॅपटॉप आलाय. त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं तर लॅपटॉप बिघडेल का?"

खानदेशातल्या मुलांना सालदार सांगायला नकोच! शेत मालकाचं, पण पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं, अवजारं कुठे ठेवायची, ही सारी व्यवस्था सालदार बघतो. लॅपटॉपमध्ये हेच काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. आखाजीला नवा सालदार ठरला, तरी शेत तेच राहतं ना? तसंच विंडोज गेलं तरी यंत्र तेच राहतं. धोका असतो तो कोठीतल्या धान्याला, म्हणजे तुमच्या फोटोंना, गृहपाठाला आणि बाबांच्या हिशेबाला!

हा नवा सालदार आहे तरी कोण? १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. तो कसा लिहिलाय ते कुणीही वाचावं, सुधारावं. विंडोजमध्ये ही मुभा नाही. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने (मुख्यालय पुण्यात, बरं का!) लिनक्सवरच 'बॉस' ही भारतीय सिस्टीम तयार केली. तिच्यात मराठीही चालते. आणि गंमत म्हणजे, आईच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे!

आता कृती. मोठ्यांना शेजारी बसवूनच करायची हं!

पहिलं काम, सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा आणि ती उघडते का ते पाहा. दुसरं, विंडोज परत आणता यावं म्हणून एका पेन ड्राइव्हवर त्याची रिकव्हरी तयार करा. तिसरं, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवा. पेन ड्राइव्ह रिकामेच घ्या, कारण त्यांच्यावरचं जुनं सारं पुसलं जातं. काही लॅपटॉपांत विंडोजचं कुलूप असतं आणि बदल करताना ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती आधीच वहीत उतरवून ठेवा.

मग लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करा. बऱ्याच लिनक्समध्ये 'नुसतं वापरून पाहा' अशी सोय असते. तेव्हा आतल्या डिस्कला हातही लागत नाही. म्हणजे सालदाराला आधी दोन दिवस कामावर बोलावून बघण्यासारखंच! वाय-फाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर चालतो का? मराठी टाइप होतं का? एकेक तपासा. तुमचे काही खेळ किंवा शाळेला लागणारा एखादा प्रोग्राम लिनक्सवर चालणार नाही, हेही लक्षात घ्या. अडत असेल तर दोन्ही सिस्टीम शेजारी-शेजारी ठेवता येतात. सुरू करताना हवी ती निवडायची.

सारं जमलं, तरच 'इन्स्टॉल'. 'डिस्क पुसू का?' या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणू नका. तिथे थांबा आणि मोठ्याने वाचा. बॅटरी भरलेली असू द्या आणि चार्जर लावूनच ठेवा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर अर्धवट काम राहतं.

तर मित्रा, लॅपटॉप बिघडणार नाही. मात्र जुन्या सालदाराला निरोप देण्याआधी कोठीची मोजदाद करायची. ती झाली की खुशाल कर प्रयोग!