रॅम वाढवण्याआधी

संगणक मंद झाला की निदान ठरलेलेच असते : रॅम कमी पडते आहे, वाढवून घ्या. दुकानात विचारले तर ‘मशीन जुने झाले, नवीनच घ्या’ एवढी भर पडते. ताप आला की तपासणी न करताच अँटिबायोटिक सुरू करावे, तसा हा प्रकार. कधी तो उपचार लागूही पडतो. पण पुष्कळदा खर्च होतो आणि दुखणे तिथेच राहते. शाळेची संगणक खोली, ग्रामपंचायतीचे कार्यालय, झेरॉक्सचे दुकान किंवा एकच लॅपटॉप चौघांत वापरणारे घर, यांच्यासाठी हा खर्च लहान नसतो. म्हणून आहे त्या मेमरीचा हिशेब आधी मांडायला हवा.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. लागणारे सगळे ओट्यावर मावले तर काम भराभर होते. मावले नाही की काही जिन्नस माळ्यावर ठेवायचे आणि लागतील तेव्हा पुन्हा उतरवायचे. १९६२ मध्ये मँचेस्टर येथे सुरू झालेल्या ‘अ‍ॅटलस’ संगणकाने ही अदलाबदल आपोआप करून दाखवली; आजचे घराघरांतले संगणक त्याच वाटेने चालतात. अडचण आहे ती वेगाच्या तफावतीची. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून त्याच्या सुमारे हजारपट, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे लाखपट वेळ. रॅमच्या फेरीला एक सेकंद लागतो असे मानले, तर एसएसडीची फेरी १६-१७ मिनिटांची होते आणि हार्ड डिस्कची एका दिवसाहून अधिक.

अशा फेऱ्या फार वाढल्या की प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिची मीमांसा केली. प्रत्येक प्रोग्रामला त्या-त्या वेळी मेमरीचा ठरावीक भागच खरोखर लागतो. ज्यांची ही गरज एकत्र मावेल तेवढेच प्रोग्राम एका वेळी चालवावेत, हे त्यांचे सूत्र. म्हणजे उपाय दोन : ओटा वाढवणे किंवा ओट्यावरची गर्दी कमी करणे. दुसऱ्याला पैसे लागत नाहीत.

तिसरा उपाय संगणक स्वतःच करतो. वापरात नसलेली माहिती माळ्यावर टाकण्याऐवजी तो तिची घडी घालून रॅममध्येच ठेवतो. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० सोबत ही सोय दिली. लिनक्समध्ये ती ‘झेडरॅम’ नावाने आहे. घडी घालण्या-उलगडण्यात प्रोसेसरचे काम थोडे वाढते, पण डिस्ककडे धाव घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये अवघ्या ५१२ एमबी रॅमचे फोन चालवण्यासाठी केलेल्या उपायांत याच तंत्राचा आधार होता.

या खऱ्या तंत्राच्या नावावर खोटा मालही खपला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ हे मेमरी दुप्पट करण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर लाखोंनी विकले गेले. विंडोज ९५ वर ते काहीच करत नव्हते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला कारवाई करावी लागली. आजचे अनेक ‘रॅम बूस्टर’ आणि ‘क्लीनर’ वेगळ्या रीतीने फसवतात. ओट्यावरचे सगळे उचलून ते माळ्यावर ढकलतात. मोकळ्या रॅमचा आकडा वाढलेला दिसतो, आणि पुढच्याच मिनिटाला तेच जिन्नस खाली आणावे लागतात. रिकामी रॅम म्हणजे शिल्लक नव्हे. पुन्हा लागेल अशी माहिती संगणक तिथे मुद्दाम ठेवतो आणि गरज पडताच ती जागा सोडूनही देतो.

तपासणी मात्र सोपी आहे. विंडोजमध्ये संगणक मंद असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत राबत असेल, तर गर्दीचा दोष असण्याची शक्यता मोठी. मेमरी निम्मी मोकळी असूनही मंदपणा असेल, तर नवी रॅम बसवून उपयोग नाही. स्टार्टअपच्या यादीतून सुरुवातीलाच नको असलेले प्रोग्राम बंद करावेत. ब्राउझरमधली अनावश्यक एक्स्टेन्शन काढावीत आणि वापरात नसलेल्या टॅबना झोपवणारी मेमरी सेव्हरची सोय चालू करावी. डेस्कटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या खाचांतच आहेत ना, हे पाहावे; चुकीच्या खाचांत दोन वाटांपैकी एकच वापरली जाते.

एवढे करूनही रोजचे काम मावत नसेल, तर रॅम घेणे योग्यच. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर जोडलेली असते आणि वाढवता येत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही लक्षात ठेवावे लागेल. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही किमान अट आहे; जुने संगणक अडतात ते बहुधा प्रोसेसर आणि सुरक्षा चिपच्या अटींवर. तिथे रॅम वाढवून दार उघडत नाही. सुरक्षा अद्ययावत नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. हलकी लिनक्स प्रणाली घालून तोच संगणक आणखी काही वर्षे शाळेच्या कामी येऊ शकतो.

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात भर टाकण्याआधी शाळा आणि सरकारी कार्यालयांनी खरेदीच्या प्रस्तावासोबत जुन्या संगणकाच्या तपासणीचा अहवाल मागायला हवा. सॉफ्टवेअर निर्मात्यांनाही प्रश्न विचारला पाहिजे : साधे पत्र लिहायला आणि निरोप पाठवायला दर वर्षी अधिक मेमरी का लागावी? ग्राहकाने ओटा वाढवत राहायचे आणि त्यांनी पसारा वाढवत राहायचे, हा व्यवहार एकतर्फी आहे.