कंडेन्सर आणि कानसेन

माझं वय झालं ही बातमी मला प्रथम आमच्या स्पीकर्सनी दिली. निदान मला तरी तसं वाटलं.

संध्याकाळी चहा झाला की एक रेकॉर्ड लावायची, हा आमच्या घरातला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा रिवाज. पाचसहा वर्षांपूर्वी एकदा लक्षात आलं की गवई आहे, तबला आहे, पण तंबोरा नाही. म्हणजे मागं काहीतरी गुणगुणत होतं, शेजारच्यांच्या फ्रीजसारखं. जवारी मात्र नव्हती. जवारी म्हणजे सगळा वरच्या स्वरांशांचा खेळ. ते गेले की तंबोऱ्याचा उरतो तो नुसता भोपळा. मी सौ.ला विचारलं, "तुला तंबोरा ऐकू येतो का गं?" ती म्हणाली, "मला कुकरची शिट्टी ऐकू येते, तेवढं पुरे आहे."

हे उत्तर मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं. पण लग्नाआधी दहा वर्षं गाणं शिकलेली ही बाई पुढं पुढं रेकॉर्डच्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झाली. पूर्वी ती दाराशी मोडा घेऊन बसायची आणि भाजी निवडता निवडता समेवर मान हलवायची. आता मोडा रिकामा. मी समजलो, संसार जुना झाला की असंच होत असेल.

मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढला. डाव्या बाजूला सपाट असलेली रेघ उजवीकडे घाटातल्या एस.टी.सारखी खाली उतरली होती. "वयाप्रमाणे आहे," असं ते म्हणाले. डॉक्टर हे वाक्य उच्चारतात तेव्हा माणसाला आपण कोर्टात उभे आहोत असं वाटतं. शाळेत आपण वीस ते वीस हजार कंपनं असं पाठ करतो, तो हिशेब कोवळ्या कानांचा. पन्नाशी-साठीत वरचे मजले एकेक करून बंद होतात. मी निमूटपणे शिक्षा स्वीकारली.

ती नातीनं रद्द केली. सुट्टीत आली होती. तिनं सहज आपले इअरफोन माझ्या कानात खुपसले आणि फोनवर तीच रेकॉर्ड लावली. तंबोरा! चारही तारा, जवारीसकट! म्हणजे माझे कान थोडे गुन्हेगार होते, मुख्य आरोपी नव्हते. मुख्य आरोपी दिवाणखान्यात, साडेतीन फुटांवर, सागवानी मुखवटा घालून उभे होते.

हे स्पीकर माझ्या मामांनी १९७८ साली इंग्लंड कायमचं सोडताना मालबोटीनं सामानाबरोबर आणले. कंपनीचं नाव सांगत नाही. जाहिरात केली म्हणाल. पण त्या काळातल्या इंग्रजांना या कामाचं खरोखरच वेड होतं. गिल्बर्ट ब्रिग्ज नावाचा कापडधंद्यातला माणूस यॉर्कशरमध्ये स्पीकर बनवायला लागला आणि १९५४ साली त्यानं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये श्रोत्यांसमोर एकदा खरे वादक आणि एकदा त्यांचं ध्वनिमुद्रण असं ऐकवून सामनाच लावला. रेमंड कुकनं १९६१ साली केंटमधल्या एका ओतकारखान्याच्या आवारात 'केईएफ' काढली. बीबीसीनं तर आपल्या बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावावा म्हणून १९७०च्या दशकात एलएस ३/५ए हा शेवेच्या डब्याएवढा स्पीकर तयार केला आणि त्या डब्याच्या पोटात शहराच्या नकाशासारखा गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर भरला.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे सांगतो. आमच्या वाड्यात आजी ओसरीवर बसायची. येणारा माणूस पाहून ती त्याला वाटेला लावी. सावकार, वकील, जड असामी बैठकीच्या खोलीत, बायकामुलं माजघरात. स्पीकरच्या पेटीत जड आवाजांचा वूफर आणि किणकिण आवाजांचा ट्वीटर असे दोन यजमान असतात. अॅम्प्लिफायरकडून येणारी वऱ्हाडी मंडळी सरमिसळ येते. दारातला कंडेन्सर खालच्या सुरांना अडवतो, वरच्यांना सोडतो. तारेचं वेटोळं नेमकं उलटं करतं. माझ्या प्रत्येक पेटीत कंडेन्सर दोन, वेटोळी दोन आणि ट्वीटरचा आवाज बेतात ठेवणारा एक रेझिस्टर, एवढाच संसार.

यातली वेटोळी म्हणजे तांब्याची तार. ती म्हातारी होत नाही. म्हातारा होतो कंडेन्सर. त्या जमान्यातल्या बहुतेक स्पीकर्समध्ये कंडेन्सर असे ते इलेक्ट्रोलिटिक जातीचे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये ओला कागद, आणि सगळ्याची वळकटी. चाळीस-पंचेचाळीस उन्हाळ्यांत तो ओलावा बुचातून हळूहळू उडून जातो. मग कंडेन्सरचं माप बदलतं आणि आतला विरोध वाढतो. भाच्याकडून मीटर आणला, कंडेन्सरचा एक पाय सर्किटमधून सोडवला (जागेवर मापलं तर शेजारच्या वेटोळ्याचंही माप त्यात येतं) आणि पाहिलं. चार मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर निघाला २.६, दुसऱ्या पेटीतला ३.१. आतला विरोध दोघांचाही पाचसात ओहम. आजीला ओसरीवरच डुलकी लागली होती आणि तंबोरा दारात ताटकळत उभा होता.

इथवर सगळं सोपं. खरा प्रश्न पुढं आला. तो कंडेन्सरचा नव्हता, माणसांचा होता.

पहिला माणूस भेटला तो एका चकचकीत दुकानातला. तो म्हणाला, "काका, फेकून द्या. हे कोण दुरुस्त करतं? आता ब्लूटूथ घ्या." मी त्याला विचारलं, तुझ्या घरचा पंखा उन्हाळ्यात हळू फिरायला लागला की तू पंखा फेकतोस का? नाही. तू म्हणतोस "कंडेन्सर गेला" आणि कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावतोस. महाराष्ट्रातल्या पोरासोरांना हे निदान कळतं. मग तोच आजार स्पीकरला झाला की त्याला एकदम वैकुंठात का पोचवायचं? लाकूड शाबूत, चुंबक शाबूत, कडेचं रबर शाबूत, वूफरचा कागद माझ्या चेहऱ्यापेक्षा कमी सुरकुतलेला. यावर तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ठीक आहे. त्याचा धंदा आहे, माझा राग नाही.

माझा राग आहे तो दुसऱ्या माणसावर. हे आमचे स्नेही. तानसेन नव्हेत, कानसेन. स्पीकर उघडल्याची बातमी यांना कशी लागते कोण जाणे, पण गूळ दिसल्यासारखे येतात. त्यांनी पेटीत डोकावून नाक मुरडलं. "आता उघडलंच आहेस तर जुनंच काय घालतोस? अपग्रेड कर!" मग त्यांनी परदेशी कंडेन्सरची नावं घेतली. एकात चांदी, एकात तेल, एकात सोनं. मला वाटलं सोनाराकडे आलो की वैद्याकडे? किंमत ऐकली, तेवढ्यात आमच्या पहिल्या फ्लॅटची नोंदणी झाली होती. शिवाय कंडेन्सर कोणत्या दिशेनं लावायचा याचं शास्त्र. शिवाय लावल्यावर दोनशे तास मुरू द्यायचा. अहो, लोणचं आहे का?

माझं म्हणणं असं, आणि ते मी कानसेनांना चहा गार होईपर्यंत सांगितलं. दुरुस्ती आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या इंजिनियरनं हा स्पीकर बांधला त्यानं मोजून-ऐकून, पुन्हा मोजून, चार म्हणजे चार ठरवले. त्या साध्या कंडेन्सरचा स्वतःचा जो थोडा विरोध असतो तोही त्याच्या हिशेबात होता. तुम्ही त्या जागी जवळजवळ शून्य विरोधाचा रत्नजडित कंडेन्सर घातलात की ट्वीटर त्यानं ठरवलं होतं त्याहून चढा बोलणार. त्याला तुम्ही 'उघडा आवाज' म्हणता. मी त्याला दुसऱ्याच्या पत्रात आपलं वाक्य घुसडणं म्हणतो. पडदा स्वच्छ झाला म्हणता. पडदा कुणी टांगला होता, किती उंचीवर, हे विचारलंत का?

आणि दुसरं म्हणजे वयाचं. हे बोलायला नको होतं, पण बोललो. चौदा हजार कंपनांवर कंडेन्सरची 'रुपेरी झळाळी' कशी पसरते यावर तावातावानं बोलणारी आमची सारी मंडळी सत्तरीच्या आसपासची. चौदा हजारांवर आम्हाला डासही ऐकू येत नाही. माझ्याकडे डॉक्टरांचा आलेख तरी आहे. कानसेनांनी तो काढलेलाच नाही, आणि काढणारही नाहीत.

"तुला संगीतातलं काही कळत नाही," असं म्हणून ते गेले. कळत नाही हे खरं आहे. ते सौ.ला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी बुधवारात तपकीर गल्लीत गेलो. म्हटलं, चार मायक्रोफॅरडचे, अल्टरनेटिंग करंटला चालणारे, फिल्मचे द्या. काउंटरवरच्या पोरानं न बघता मागच्या खोक्यात हात घातला आणि समोर ठेवले. पांढरे, अंगठ्याएवढे जाड, वर छापलेलं: ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. "हे पंख्याचे आहेत," मी म्हटलं. "मग? तुम्हाला कशाचे पायजेत?" त्यानं विचारलं. मी उत्तर शोधू लागलो, ते सापडलं नाही. आत पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म, म्हणजे त्या सोन्याचांदीवाल्यांच्या पोटात असते तीच जात. ४४० व्होल्ट तर माझा अॅम्प्लिफायर सात जन्मांत काढणार नाही. एक चारचा ट्वीटरला, आठच्या जागी दोन चार समांतर. समांतर जोडले की मापांची बेरीज होते. एका पेटीला तीन, दोन पेट्यांना सहा. सातवा पोरानं सुट्टे पैसे नाहीत म्हणून गळ्यात मारला.

प्रत्येकाचं माप घेऊन दोन्ही पेट्यांसाठी जोड्या लावल्या. ट्वीटरच्या वाटेवर अर्ध्या ओहमचा एक रेझिस्टर जोडला, जुन्या कंडेन्सरच्या अंगच्या विरोधाची आठवण म्हणून. सोल्डर करताना डाव्या तर्जनीला फोड आला. जुने कंडेन्सर फेकले नाहीत, बरणीत ठेवलेत. सौ. म्हणते, अस्थी ठेवल्यासारखे दिसतात.

संध्याकाळी रेकॉर्ड लावली आणि पेपर तोंडापुढं धरला. वाचत नव्हतो. आलाप सुरू होण्याआधी तंबोरा जुळलेला असतो तो अर्धा मिनिट गेला. मग स्वयंपाकघरात पाण्याचा नळ बंद झाला. मग मोडा सरकल्याचा आवाज आला. मी पेपर खाली घेतला नाही.

कानसेन रविवारी आलेच. डोळे मिटून बसले, दहा मिनिटं. "वा!" म्हणाले, "शेवटी ऐकलंस ना माझं? मधे काही राहिलंच नाही. हवा खेळतीय हवा! चांदीचे की तेलाचे?"

मी म्हटलं, "दुकानदारानं दिले ते." हे अक्षरशः खरं होतं.

"इंपोर्टेड?"

मी काही म्हणायच्या आत आतून हाक आली, "अहो, तुमच्या स्पीकरातला तो पंख्याचा कंडेन्सर एक उरलाय ना? ओट्यावरचा पंखा सकाळपासून फिरत नाहीये."