वाघूरसाठी १ मेच्या ग्रामसभेला या

पहूर पेठ आणि पहूर कसबे येथील सर्व बंधू-भगिनींनो,

अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वाहत आलेली वाघूर आपल्या गावाला लागून पुढे जाते आणि वाघूर धरणातून जळगाव शहराला पाणी पाजते. तिच्या पात्रात आपण काय टाकतो, हा फक्त आपल्या गावापुरता प्रश्न नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. आज पात्रात पडलेलं सगळं पहिल्या पुरात धरणाकडे जाईल.

‘नदी कोरडीच तर आहे, टाकलं तर काय बिघडलं?’ हे उन्हाळ्यात सर्रास ऐकू येतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने याचं उत्तर स्पष्ट दिलं आहे. वाहता असो वा सध्या कोरडा पडलेला, दोन्ही प्रवाह या कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्यात प्रदूषण करणारी वस्तू टाकायला कलम २४ ने मनाई केली आहे. म्हणजे मे महिन्यातली वाघूरही कायद्याच्या दृष्टीने नदीच आहे.

कपाशीवर फवारणी झाली की रिकामी बाटली बांधावरून नाल्यात भिरकावली जाते. तिच्यावरचा लाल त्रिकोण एकदा नीट पाहा. तो अतिविषारी औषधाची खूण आहे, आणि बाटलीच्या तळाशी औषध उरलेलंच असतं. आपण वर्षानुवर्षं वापरलेल्या एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याच वर्षी स्टॉकहोम कराराने ते जगभरातून हद्दपार करायच्या रसायनांच्या यादीत घातलं. परदेशात झालेला करार आपल्या फवारणी पंपापर्यंत पोचतो, तो असा. पण नाल्यात पडलेली बाटली उचलायला कुठल्या कराराचा माणूस येणार नाही. ती आपल्यालाच उचलावी लागेल.

वाळूचं दुखणं मोठं आहे. गिरणेचं पात्र कसं ओरबाडलं गेलं, हे जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना ते मिळत राहतं. थर गेला की पुराचं पाणी सरळ निघून जातं आणि विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. ट्रॉलीतून गेलेली एक ब्रास वाळू कुणाच्या तरी उन्हाळी पिकाचं पाणी घेऊन गेलेली असते. वाळूचा उपसा पर्यावरण मंजुरीशिवाय करता येत नाही. चोरीच्या वाळूला महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि वाहनही जप्त होऊ शकतं.

कायदे कमी नाहीत, यंत्रणाही आहेत. वाळूसाठी तलाठी आणि तहसीलदार आहेत, सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जळगावचं कार्यालय आहे, आणि त्यांच्याही वर पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ आहे. पण तोंडी तक्रारीने यातलं कुणी हलत नाही, हे आपण सगळे जाणतो. अर्ज लेखी द्या. तारीख, जागा आणि फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. लवादाकडे दाद मागायची तर साधारण सहा महिन्यांची मुदत असते. त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणण्यात हक्कच निघून जातो. रात्री ट्रॅक्टर अडवायला मात्र कुणीही जाऊ नका. या जिल्ह्यात महसूल कर्मचाऱ्यांवरही हल्ले झाले आहेत. तरुणांनो, हे विशेष तुम्हाला सांगणं आहे. गावाला तुमची सही हवी आहे, जीव धोक्यात घालणं नको.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला एक समिती आणि एक नोंदवही ठेवायला सांगितली आहे. ती नोंदवही ग्रामसभेत मागा आणि उघडून वाचा. वाघूरचे डोह, मासे, काठची झाडं तिच्यात आहेत का ते पाहा. नसतील तर गावातल्या जुन्या माणसांना विचारून लिहून घ्या, कारण या नोंदी त्यांच्याइतक्या नेमक्या कुणालाच सांगता येणार नाहीत.

१ मेला दोन्ही ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांत तीन ठराव मांडायचे आहेत: पुराआधी पात्र साफ करणं, औषधाच्या बाटल्यांसाठी वेगळी जागा ठरवणं आणि वाळू उपशाची लेखी तक्रार तहसीलदारांकडे पाठवणं. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि ठराव लांबणीवर पडतात. म्हणून घरातल्या बायकांसह सगळे मतदार या, आणि हात वर करून ठराव मंजूर करून घ्या.